मज्जातंतू तुटला म्हणजे मीठ कळेनासे झाले, हे मला मान्य नाही

प्राणिशास्त्राची शिक्षिका, राजारामपुरी
कसबा बावड्याच्या सदस्यांनी काल लिहिले की, जनावराच्या चेहऱ्याची शीर (म्हणजे मज्जातंतू) दुखावली की मिठाची चव जाते आणि ते खडेमीठ चाटायचे सोडते. इतक्या ठामपणे मांडलेली अर्धवट गोष्ट वाचून मला स्वस्थ बसवेना. जिभेची चव एकाच शिरेतून जात नाही. पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव कॉर्डा टिंपनी ही सातव्या, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा नेते आणि मागच्या भागाची नववा मज्जातंतू नेतो. उंदरांत निम्म्याहून अधिक रुचिकलिका (जिभेवरचे चव ओळखणारे सूक्ष्म कण) या नवव्याकडे असतात; तरीही तो कापल्यावर उंदीर मीठ (सोडियम क्लोराइड) आणि पोटॅशियम क्लोराइड हा दुसरा क्षार यांतला फरक ओळखतात, मात्र कॉर्डा टिंपनी दोन्ही बाजूंनी कापली की तोच फरक ओळखताना चुकू लागतात, हे स्पेक्टर आणि ग्रिल यांनी १९९२ मध्ये दाखवले. म्हणजे चव सरसकट जात नाही, 'हे सोडियमच आहे' ही नेमकी ओळख पुसट होते.

गोठामालक, कसबा बावडा
मॅडम, ते विधान माझेच आहे आणि मी ते मागे घेत नाही. दोन महिन्यांपूर्वी आमच्या म्हशीला शेजारच्या म्हशीने डाव्या गालावर शिंग मारले. ओठ लोंबला, वैरण त्या बाजूने सांडू लागली आणि वर्षानुवर्षे चाटत आलेला मिठाचा खडा तिने सोडला. जे मी दोन्ही वेळेला धार काढताना बघतो, ते उंदरांवरच्या प्रयोगाने खोटे कसे ठरेल?

शिक्षिका, राजारामपुरी
तुम्ही पाहिलेले खोटे नाही, त्याचे कारण तुम्ही चुकीचे लावत आहात. कॉर्डा टिंपनी कानाच्या हाडाच्या आतच सातव्या मज्जातंतूपासून वेगळी होते आणि पुढे जिभेच्या शिरेला मिळते. गालावरच्या जखमेने ओठ हलवणारे फाटे दुखावतात. चवीचा फाटा त्याच्या कितीतरी आधी बाजूला झालेला असतो.

कानाची शस्त्रक्रिया झालेला, शाहूपुरी
कानाचा उल्लेख निघाला म्हणून लिहितो. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठ महिने माझ्या जिभेच्या उजव्या कडेला लोखंडाची चव होती आणि घरचा तांबडा रस्सा मला अळणी लागत असे. मी वरून मीठ घेत असे आणि त्यावरून रोज जेवताना वाद होत असे. ही शीर पडद्याच्या अगदी मागून जाते, हे मला शस्त्रक्रियेपूर्वी कोणीही सांगितले नव्हते. त्याचा राग अजूनही गेलेला नाही.

निवृत्त परिचारिका, उत्तरेश्वर पेठ
दादा, हाड कुरतडणारा आजार कानात पसरलेला असतो, तेव्हा ती शीर बाजूला सारावी लागते, कधी कापावीही लागते. मी चौतीस वर्षे हे काम जवळून पाहिले आहे. ऐकू येणे आणि जीव यांच्यापुढे रश्श्याचे मीठ मोठे नव्हे.

शाहूपुरी
शस्त्रक्रिया नको होती, असे मी कुठे लिहिले? कागदावर सही घेताना एक वाक्य सांगायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे. तुम्ही मला कृतघ्न ठरवू नका.

परिचारिका, उत्तरेश्वर पेठ
सांगायला हवे होते, हे मान्य. पण एकाच बाजूची शीर दुखावली तर दुसरी बाजू शाबूत राहते, मग रस्सा पूर्ण अळणी कसा लागेल, हे मला अजूनही पटत नाही.

शाहूपुरी
तुमची जीभ नव्हती ती, वहिनी.

शिक्षिका, राजारामपुरी
दोघांनीही शांतपणे घ्यावे. शिरेचा आधार सुटला की रुचिकलिका झिजून नाहीशा होतात आणि शीर पुन्हा वाढली की परत येतात. उंदरांत कॉर्डा टिंपनी पुन्हा वाढू दिली, तेव्हा सुमारे दोन महिन्यांत मीठ ओळखण्याची क्षमता परतली. वाढूच दिली नाही, तेव्हा परतली नाही. माणसातही हा त्रास पुष्कळदा हळूहळू ओसरतो. आता म्हशीकडे परत येते. मिठाची ओढ केवळ जिभेवर ठरत नाही. अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी) काढलेले उंदीर शरीरातून सोडियम निसटू लागल्यावर आपणहून अधिक मीठ घेतात, हे कर्ट रिश्टर यांनी १९३६ मध्येच नोंदवले होते. दुभत्या म्हशीचे सोडियम दुधावाटेही जाते, म्हणून तिला ओढ असणारच. म्हणून दोन गोष्टी सांगा : खडा गव्हाणीच्या कोणत्या बाजूला टांगला आहे आणि आंबवणात मीठ घातले तर ती काय करते?

गोठामालक, कसबा बावडा
खडा डाव्या बाजूला, भिंतीलगत आहे. दुखऱ्या गालानेच तिला तिथे वळावे लागते, हे मी आज प्रश्न वाचल्यावर जाऊन पाहिले. मीठ घातलेले आंबवण ती पूर्वीप्रमाणेच चाटूनपुसून संपवते. तेवढ्यापुरते तुमचे म्हणणे खरे धरतो; उंदरांचे निष्कर्ष म्हशीला जसेच्या तसे लागू होतात, हे मात्र मी अजून मान्य केलेले नाही. खडा आज उजवीकडे बांधला आहे. संध्याकाळच्या धारेपर्यंत तिने त्याला दोनदा जीभ लावली होती.