छोटी ईव्ही ‘फक्त भाजी आणायला’? रोज ५० किलोमीटर हाकणाऱ्याचं उत्तर

चाकोरीबाह्य

परवा एका गृहस्थांनी ठणकावून लिहिलं: छोटी इलेक्ट्रिक गाडी भाजी आणायला ठीक, रोज नोकरीला जाणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. सांगतात त्याच्या निम्मी रेंज (एका चार्जवर होणारं अंतर), एसी लावला की तीही गेली, आणि बॅटरी बदलायच्या पैशात दुसरी गाडी येते. खाली दीडशे लोकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या किती जणांनी अशी गाडी महिनाभर तरी चालवली आहे, हे विचारायचा मोह आवरला आणि इथं लिहायला बसलो.

मी पुण्यात धायरीला राहतो, ऑफिस हिंजवडी फेज ३. एका बाजूला २५ किलोमीटर. १९.२ किलोवॉट-अवरची बॅटरी, म्हणजे या वर्गातल्या लहान बॅटऱ्यांपैकी एक. १४ महिन्यांत १७ हजार किलोमीटर झाले. सकाळी ८५ टक्क्यांना निघतो, रात्री दारात येतो तेव्हा ५७ ते ५८. चांदणी चौकाचा चढ चार टक्के खातो, पलीकडच्या उताराला त्यातला एखादा परत येतो. एसी लावून दोन तास कोंडीत अडकलो तर आणखी आठ-नऊ टक्के. एवढंच.

चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा कुठल्याही गाडीत जुळत नाही. पेट्रोलच्या गाडीचं कागदावरचं २० भूमकर चौकाच्या कोंडीत १२ होतं, तेव्हा कुणी लेख लिहीत नाही. उलट कोंडीत इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल जाळतं, उभी मोटर काही जाळत नाही. या गाडीची रेंज मार खाते ती हायवेला १०० नं हाकल्यावर. आणि धायरी ते हिंजवडी १०० नं कोण जातं ते मला दाखवा.

हिशेब: महिन्याला ११०० किलोमीटर. पेट्रोल १०४ च्या आसपास आणि शहरात १३ चा अ‍ॅव्हरेज धरला तर ८८०० रुपये. माझ्या वीजबिलात वाढ १३० युनिटांची, रुपयांत अठराशेच्या घरात. पेट्रोलची आणि ही, या दोन गाड्यांच्या किमतींत मला अडीच लाखांचा फरक पडला होता. तीन वर्षांत वसूल. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. बोला.

खडूस_सचिव

बोलतो. अडीच लाखांवरचं व्याज तुमच्या सासऱ्यांनी भरलं का?

दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. ईव्हीचा ५ होता, ५ च राहिला. म्हणजे दोघींच्या किमतींतली दरी वाढली. तुमचं गणित जुन्या भावाचं आहे.

तिसरं आणि खरं. आमच्यासारख्यांच्या घरी एकच गाडी असते. तिनंच ऑफिस, तिनंच लग्नं, तिनंच आईला दवाखान्यात आणि तिनंच गणपतीला कणकवली. कोकणात शिरताना चार माणसं, गौरीचं सामान आणि सासूबाईंचा फणस घेऊन तुमची १९.२ काय करते ते सांगा. का फणसाला एसटीत बसवायचं?

चाकोरीबाह्य

गणपतीत फणस कुठून आणलात?

व्याजाचं मान्य. धरलं नव्हतं. तीनची चार वर्षं करा, माझ्या झोपेत फरक पडत नाही. जीएसटीचंही मान्य, मी आधी घेतली. आता घेणाऱ्यानं पुन्हा मांडावं.

पण गावाला वर्षातून किती वेळा जाता? दोनदा? त्या चार दिवसांसाठी उरलेले ३६० दिवस आठ रुपये किलोमीटरनं जाळायचे? आम्ही गणपतीला भाड्यानं गाडी केली. ड्रायव्हरसकट. मी मागे झोपून गेलो. घाटात कुणी ओव्हरटेक केलं तर शिव्या द्यायचं काम ड्रायव्हरचं.

कऱ्हाडची_सून

सगळे रुपये मोजताय, गुडघा कुणी मोजत नाही. मी नऊ वर्षं मॅन्युअल गाडी चालवली, वारज्याहून बाणेर. डावा गुडघा सुजायचा. डॉक्टरांनी क्लच बंद करा म्हणून सांगितलं, गोळी शेवटी लिहिली. आठ महिन्यांपूर्वी छोटी ईव्ही घेतली. पहिला आठवडा डावा पाय आपोआप खाली शोधत होता, काहीच सापडेना. आता जिने चढते.

खडूस_सचिव

ताई, त्याला ऑटोमॅटिक म्हणतात. पेट्रोलमध्येही मिळते.

कऱ्हाडची_सून

मिळते. यांच्या भावाकडे ती स्वस्तातली ऑटोमॅटिक, एएमटी आहे. चढावर गिअर बदलताना अशी डुलते की मागच्या सीटवरचं पोर विचारतं, काका झोपले का. चालवली आहेत का तुम्ही?

पीएमपीचा_पास

एक माणूस बसलेली गाडी बॅटरीची असो नाहीतर पेट्रोलची, भूमकर चौकात जागा तेवढीच अडवते. हिंजवडीची कोंडी चार्जिंगनं सुटत नाही. चालू द्या तुमचं.

चाकोरीबाह्य

तेवढीच नाही. कॉमेट ही छोटी ईव्ही तीन मीटरच्या आत बसते, २९७४ मिलिमीटर. पण तुमचा मुद्दा कळला आणि तो बरोबर आहे. फेज ३ पर्यंत मला बसायला मिळेल अशी बस द्या, गाडी उद्या विकतो.

धुराड्याखाली

पुण्याच्या लोकांची ईव्हीची चर्चा वाचून बरं वाटलं. मी विदर्भात राहतो, कोळशाच्या वीजकेंद्रापासून चार किलोमीटरवर. बायको सकाळी पांढरं बनियन दोरीवर टाकते, दुपारी काढताना त्यावर राखेचा हात फिरलेला असतो. तुमची गाडी धूर सोडत नाही, कारण तुमच्या वाट्याचा धूर आमच्याकडे सोडला जातो. गाडी घ्या, जरूर घ्या. फक्त ‘शून्य प्रदूषण’ असलं हिरवं स्टिकर मागे लावू नका.

चाकोरीबाह्य

स्टिकर डीलरनं लावलेलं होतं. आज काढतो. खरंच.

दुचाकीवाला

माझा प्रश्न साधा आहे. घ्यायची आहे, पैसे आहेत, रोज ४० किलोमीटर आहे. सोसायटी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट देत नाही. तीन अर्ज झाले. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला ‘विचाराधीन’, तिसऱ्याला ‘आगीचा धोका’. त्याच पार्किंगमध्ये सेक्रेटरीसाहेबांनी जुन्या गाद्या आणि थर्माकोलचं मखर रचून ठेवलंय, त्याला धोका नाही. बाहेरच्या चार्जरवर रोज जाणं म्हणजे दोनांतला एक बंद आणि दुसऱ्यावर टॅक्सीवाला झोपलेला.

खडूस_सचिव

हे आलं! आता ऐका. माझं नाव उगाच असं नाही, मी खरोखर सचिव आहे. ५६ फ्लॅट. सहा वर्षं बिनपगारी. लिफ्ट अडकली की रात्री १ वाजता फोन मला. पाणी नाही, फोन मला. कुणाच्या कुत्र्यानं जिन्यात केलं, फोटो मला.

गेल्या वर्षी एका सभासदानं जिन्यातल्या दिव्याच्या पॉइंटवरून स्कूटर चार्ज करायला सुरुवात केली. तीन महिने. कॉमन मीटरचं बिल वाढलं म्हणून मी एका रात्री टॉर्च घेऊन उतरलो, तर झाडूच्या मागून काळी वायर निघालेली. विचारलं तर म्हणतो, ‘पर्यावरणासाठी आहे काका.’

आणि तुम्ही एकानं कार लावली की उद्या बाकीचे मागणार. ५६ गुणिले ३.३ किलोवॉट, १८५ किलोवॉट झाले. एवढ्या विजेचा डीपी तुमच्या वडिलांनी बसवलाय का? सचिवाला शिव्या घालणं सोपं आहे.

दुचाकीवाला

तुमच्यासारख्यांमुळेच अडलंय. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की घरच्या आहे त्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. माझा मीटर, माझं बिल, माझं पार्किंग. तुम्ही कोण?

खडूस_सचिव

मीटर तुमचा, पण मीटरपासून पार्किंगपर्यंतची भिंत सोसायटीची. वायर काय हवेतून नेणार?

दुचाकीवाला

नेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून मेव्हण्याची गाडी चार्ज करून पाहिली. पहिल्या वळवाच्या पावसात एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पडला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू किंचाळल्या.

तारतम्य

मी वायरिंगची कामं घेतो, २२ वर्षं झाली. दोघंही गप्प बसा जरा.

बाल्कनीतून वायर सोडणाऱ्याला आधी. गिझर पंधरा मिनिटं चालतो, इस्त्री दहा. लहान गाडी साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर रिकामी लावली तर जवळजवळ सात तास सलग १४-१५ अँपिअर ओढते. आतला स्क्रू अर्धा आटा ढिला असेल तर प्लगची पिन आधी पिवळी होते, मग तपकिरी, मग बेकेलाइट जळाल्याचा वास. असे चार सॉकेट माझ्या पेटीत आहेत, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेत. त्यातल्या एकात प्लग अजून चिकटलेला आहे. एक्स्टेन्शन बोर्ड? पावसात? काकूंचे पाय धरा.

करायचं असेल तर असं: मीटर-रूममधून स्वतःच्या मीटरवरून सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडतो तो), सगळं पाइपातून. आणि अर्थिंग. ते खराब असेल तर बऱ्याच गाड्या चार्जच घेत नाहीत, चार्जरवर लाल दिवा लागतो, आणि लोक गाडीला शिव्या देतात.

आता सचिवसाहेब. तुमच्या सभासदांचा वापर वरच्या गृहस्थांइतका धरू. महिन्याला १३० युनिट, ३.३ किलोवॉटनं ४० तास. दिवसाला सरासरी सव्वा-दीड तास, तेही रात्री कधीही. ५६ गाड्या एकाच मिनिटाला लागतील असं धरायचं असेल तर ५६ गिझरही एकाच वेळी लागतात असं धरा. ते लागतात, रोज सकाळी ७ वाजता, प्रत्येक दोन किलोवॉटचा. त्यावर कधी ठराव केला होता का?

खडूस_सचिव

नाही केला.

पण पहिल्या पाच गाड्यांचं ठीक, तिसाव्या गाडीला लोड वाढवून घ्यावा लागेल की नाही?

तारतम्य

लागेल. तो खर्च आधीच्या पाचांनीही वाटून भरायचा, असं आजच लिहून घ्या. भांडण तिथंच होतं. वायरीवरून कुणी भांडत नाही.

चाकोरीबाह्य

धाग्याचा विषय रोजचा प्रवास होता, एवढं आठवण करून देतो.

कऱ्हाडची_सून

मग हाच तर विषय आहे की. तुम्ही धायरीत बंगल्यात राहता का?

चाकोरीबाह्य

…रो हाऊस.

खडूस_सचिव

हां! १४ महिने, १७ हजार किलोमीटर, चार टक्के चढ, सगळं सांगितलं. रो हाऊस तेवढं राहिलं.

चाकोरीबाह्य

राहिलं. चूक झाली. घरासमोर सॉकेट असलेल्या माणसाचं आणि चौथ्या मजल्यावरच्या माणसाचं गणित एक नाही. तरीही ज्यांनी ‘भाजी आणायला’ लिहिलं त्यांनी सॉकेटचं लिहिलं नव्हतं, रेंजचं लिहिलं होतं, आणि ते चूकच आहे.

युनिटचंही सांगून टाकतो, नाहीतर तेही काढाल. माझं घर १८० युनिटांत चालायचं, गाडीमुळे ३१० झालं. ३०० च्या वर गेलेली दहा युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. अठराशे त्यासकट आहेत. ज्यांचं बिल एसीमुळे आधीच ३०० च्या पुढे आहे त्यांनी माझा आकडा वापरू नये.

दुचाकीवाला

सचिवसाहेब, तुमच्या सोसायटीत फ्लॅट भाड्यानं मिळेल का? तुम्ही निदान उत्तर तरी देता.

खडूस_सचिव

भाडेकरूला दुसरं पार्किंग नाही, आधीच सांगतो.

येत्या रविवारी सभा आहे. चार्जिंग पॉइंटचा विषय अजेंड्यावर आठवा घेतलाय. सातवा कबुतरांच्या जाळ्यांचा आहे.

कऱ्हाडची_सून

जाळ्या सातव्या म्हणजे आठवा पुढच्या वर्षी.

खडूस_सचिव

बरं, चौथा करतो. कारण सांगायला नको, पण मुलीला कॉमेट आवडली आहे. मला नाही. डिकी म्हणून जे दाखवतात त्यात माझी चप्पल मावणार नाही.

तारतम्य

ठरावाआधी अर्थिंगचं रीडिंग घ्या. अर्थिंगचा पिट (खड्डा) कुठं आहे तुमचा?

खडूस_सचिव

आत्ता खाली जाऊन आलो. खजिनदार म्हणतात गेटजवळ. वॉचमन म्हणतो, पार्किंगच्या फरशा बदलल्या तेव्हा त्याखाली गेला. फरशा माझ्याच कारकिर्दीत बदलल्या आहेत.