कॅम्पिंगसाठी फोल्डिंग कॉट घ्यायचीय, मजबूत कोणती हे ओळखायचं कसं?

पाऊलवाट
मंडळी, कॅम्पिंगला न्यायला फोल्डिंग कॉट बघतोय. आत्तापर्यंत मॅट टाकून खाली झोपत होतो पण हल्ली सकाळी कंबर धरते, त्यात बाबा पण यायचं म्हणतायत आणि त्यांना जमिनीवरून उठणं अजिबात जमत नाही. म्हणजे दोन घ्याव्या लागणार. ऑनलाइन बघितलं तर प्रत्येकच कॉट १५० किलो नाहीतर २०० किलो झेलते म्हणे, मग फरक कशावरून करायचा? माझी उंची ६ फूट, वजन ९५ च्या आसपास, आणि मी कुशीवर झोपतो. गाडीने जायचं त्यामुळे पाठीवर वाहायचा प्रश्न नाही. स्टील की ॲल्युमिनियम? आणि त्या जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असतात त्या बुटक्या कॉट कशा असतात?

माळरान
त्या किलोच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा बहुतेक वेळा माणूस नीट आडवा झोपलाय, भार सगळीकडे पसरलाय असं धरून दिलेला असतो. पण आपण आधी कॉटवर बसतो ना, मग आडवे होतो. बसताना सगळं वजन एकाच जागी आणि तेही कडेला, आणि नेमकी तिथलीच पाइप वाकते. त्यामुळे आपल्या वजनाच्या निदान दीडपट आकडा असलेलीच बघा आणि बसताना दोन पायांच्या मधे न बसता पाय जिथे पाइपला जोडलाय त्याच्या जवळ बसायची सवय ठेवा, बाबांनाही तेच सांगा.

दुकानात बघायला मिळाली तर आधी उलटी करून बघा. पायांच्या जोड्या किती आहेत (तीन तरी हव्यात), रिव्हेट बोटाने हलतायत का, आणि बाजूची पाइप कापडाच्या ज्या नळीतून जाते तिथली शिवण. ती दुहेरी हवी. लोक ६०० डी, १२०० डी बघून घेतात, पण डी म्हणजे डेनिअर, म्हणजेच ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे धागा किती जाड एवढंच त्यातून कळतं. कापड मधे सहसा फाटत नाही, ते शिवणीतून उसवतं. जाड कापड आणि एकेरी शिवण यापेक्षा मी ६०० डी आणि पक्की शिवण कधीही घेईन.

स्टील की ॲल्युमिनियम म्हणाल तर गाडी आहेच, मग स्टील घ्यायला काहीच हरकत नाही. जड पडते पण कडेवर बसल्यावर कमी लवते. फक्त रंग उडाला तिथे गंज धरतो, तेवढं बघावं लागतं.

निवांत
उंचीचं कोणी बोललंच नाही अजून. ६ फूट म्हणजे १८३ सेंमी, आणि बऱ्याच कॉट १९० च्या असतात. उशी जराशी खाली सरकली की पाय आडव्या दांडीवर येतात आणि रात्रभर टाचेला ती दांडी टोचत राहते, झोपेचं खोबरं. तुम्ही २०० च्या पुढचीच बघा, नाहीतर टोकाला आडवी दांडीच नाही असा प्रकार बघा. रुंदीला पण फसायला होतं, लिहिलेली रुंदी पाइपच्या बाहेरून बाहेर असते. कुशीवर झोपणारा गुडघे दुमडतो, त्याला ६५ अपुरी पडते, ७५-८० असेल तर बरं.

बुटक्या कॉट माझ्या फार आवडत्या आहेत. दोनेक किलोच्या असतात, घडी छोटी होते, आणि काहींच्या खाली आडव्या पट्ट्या असतात त्यामुळे भार पसरतो आणि तंबूच्या तळाला भोक पडत नाही. उंच कॉटच्या पायाखाली मात्र फोमचे नाहीतर प्लायचे तुकडे टाकाच. पण बाबांसाठी बुटकी नको!! गुडघे छातीशी येतात, उठताना हात टेकायला काही नसतं. त्यांना ४० ते ४५ सेंमी, म्हणजे खुर्चीएवढी उंच घ्या.

आणि उंच घेतली तर तंबू मोजा. मधली उंची नव्हे, कॉटची कड येते तिथली. घुमटासारख्या तंबूत कडेचं कापड खाली उतरतं आणि पहाटे त्यावर दव धरलं की स्लीपिंग बॅग त्याला टेकून ओली होते.

शेकोटी
वरचं सगळं बरोबर, पण थंडीचं काय? कॉट घेतली म्हणजे मॅट सुटली असं वाटतं लोकांना, आणि मग रात्री दोन वाजता कुडकुडत बसतात. खालून वारा फिरत असतो आणि स्लीपिंग बॅगचं जे फिलिंग आपल्या अंगाखाली दबलेलं असतं त्यात हवा अडकायला जागाच राहत नाही, म्हणजे वरून गरम आणि पाठ गार. तुमची जुनी मॅट फेकू नका, कॉटवर टाका, फोमची असेल तर उत्तमच. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला आणि खुब्याला पण त्याचा आराम पडतो. उन्हाळ्यात तोच खालचा वारा सुख देतो तेव्हा मॅट काढून ठेवायची.

पाऊलवाट
खूपच उपयोगी माहिती, मनापासून आभार. बाबांसाठी खुर्चीएवढी उंच स्टीलची आणि मला लांबरुंद बुटकी असं ठरवतोय, तंबू आज मोजतो. एक विचारायचं राहिलं, टोकाची शेवटची दांडी बसवताना नाकी नऊ येतात असं खूप जणांनी लिहिलंय, त्यावर काही युक्ती?

माळरान
नवीन कापड ताणलेलं असतं म्हणून तसं होतं. कॉट कुशीवर उभी करा, दांडीचं एक टोक खालच्या पाइपमधे अडकवा, ती पाइप पायाने दाबून धरा आणि वरची पाइप दोन्ही हातांनी वर ओढत दुसरं टोक बसवा. बोटं मधे येऊ देऊ नका, चांगलीच चेमटतात. घरी आणली की एक रात्र जोडून तशीच ठेवा, कापड थोडं सैलावतं आणि पुढच्या वेळी सोपं जातं. कुरकुरली तर जोडावर मेणबत्ती घासा, तेल नको, त्याला माती चिकटते. आणि दवाने ओली झालेली कॉट तशीच पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते. घाईत भरावी लागली तर घरी पोचल्या पोचल्या उघडून वाळवा.