अनुभव धागा: सोरायसिस, बायोलॉजिक इंजेक्शन आणि बाळंतपण

मेघना_ठाणे
मैत्रिणींनो, सोरायसिससाठी (कातडीवर लाल, खपलीचे चट्टे येणारा आजार) बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारं इंजेक्शन, चालू असताना ज्यांना दिवस गेले त्यांचे अनुभव एका जागी असावेत म्हणून हा धागा काढतेय. मेथोट्रेक्सेट आणि ॲसिट्रेटिन ही सोरायसिसची जुनी औषधं; मेथोट्रेक्सेट आधीच बंद करायचं, ॲसिट्रेटिन घेतलं असेल तर नंतर ३ वर्षं मूल नको, हे बहुतेक डॉक्टर बजावतात. पण अडालिमुमॅब किंवा सेक्युकिनुमॅब या बायोलॉजिकवर असाल तर काय, यावर जो तो वेगळं सांगतो. औषध कुठलं, कधी थांबवलं की चालू ठेवलं, बाळाच्या लसींचं काय केलं, एवढं तरी लिहाच. डोसचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारून.

अवनी_कोल्हापूर
मी अडालिमुमॅबवर होते, ४० मिग्रॅ, दर १५ दिवसांनी. मूल हवंय हे स्किनच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी गायनॅक मॅडमना स्वतः फोन केला, त्यामुळे दोघांचं सांगणं एकच राहिलं, ह्याचा मला फार आधार वाटला. त्यांनी समजावलं की हे औषध म्हणजे अँटीबॉडी, पहिल्या तीन महिन्यांत ती वारेतून बाळाकडे अगदी कमी जाते, शेवटच्या तीन महिन्यांत खूप जाते. म्हणून सातव्याच्या आधी थांबवलं.
खरी गोष्ट पुढे आहे. डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ट्रे घेऊन आल्या, बीसीजी, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस बी, सगळं एकदमच द्यायची पद्धत. बीसीजी आणि थेंब या जिवंत लसी, म्हणजे त्यात दुबळे केलेले जिवंत जंतू असतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा अंश बाळाच्या रक्तात काही महिने राहू शकतो, तोवर त्या द्यायच्या नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी आणि आई दोघी म्हणालो थांबा, तर सिस्टर म्हणे सगळ्यांनाच देतो, काही होत नाही. आईने फाईलमधून चिठ्ठी काढून हातात दिली तेव्हा त्या पेडियाट्रिक डॉक्टरांना विचारायला गेल्या. हिपॅटायटिस बी दिली, बाकी थांबवल्या, पोलिओचं इंजेक्शन नंतर दिलं, बीसीजी ६ महिने झाल्यावर. लसीकरण कार्डावर लाल पेनाने लिहून घ्या गं, आपण ग्लानीत असतो आणि ड्युटी बदलली की नवीन माणसाला काहीच माहीत नसतं.

सायली_लेस्टर
इथे इंग्लंडमध्ये मला मूल प्लॅन करतानाच सर्टोलिझुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकवर बदललं. त्या रेणूला वारेतून जायला लागणारा भागच नसतो म्हणून बाळापर्यंत नगण्य पोचतं, त्यामुळे नऊही महिने चालू होतं. सांधेही दुखायचे माझे, मध्ये बंद करणं झेपलं नसतं. एक लक्षात ठेवा, इथे बीसीजी सगळ्या बाळांना देत नाहीत, पण आईवडील किंवा आजीआजोबा भारतातले असतील तर बोलावतात, आणि रोटाव्हायरस, तीही जिवंत लस, ८ आठवड्यांना असते. औषध कुठलंही असो, हेल्थ व्हिजिटरला (बाळाला बघायला घरी येणारी नर्स) पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

रेवा१९
माझ्या पहिल्या गायनॅकनी पॉझिटिव्ह टेस्ट बघताच स्किनच्या डॉक्टरांना न विचारता इंजेक्शन बंद करायला लावलं. पाचव्या महिन्यात पाठ, पोटऱ्या, डोकं सगळं फुललं, चादरीवर खपल्या, रात्र रात्र झोप नाही. मग दुसरीकडे गेले, नॅरोबँड यूव्हीबी लाईट (कातडीवर ठरावीक अतिनील किरण देण्याचा उपचार) सुरू केली, लाईटने शरीरातलं फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच जीवनसत्त्व, कमी होऊ शकतं म्हणून फॉलिक ॲसिडकडे नीट लक्ष ठेवलं. बाळ छान आहे. पण ते महिने मला कुणी परत देणार नाही, आईची कातडी सोलवटली तरी चालेल हा विचार मला अजिबात मान्य नाही.

मुक्ता_नाशिक
रेवा, तुझं वाचून गलबलून आलं. माझं उलट झालं, गरोदरपणात आपोआप स्वच्छ झाले, निम्म्याहून जास्त जणींचं गरोदरपणात थोडंफार तरी कमी होतं म्हणे, औषध लागलंच नाही. बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यात मात्र जोरात उलटलं. सासूबाई म्हणाल्या दूध पाजतेस तोवर सुई नको. डॉक्टरांनी त्यांनाच आत बोलावून सांगितलं की एवढा मोठा रेणू दुधात फार थोडा उतरतो आणि जो उतरतो तो बाळाच्या पोटात पचून जातो. टीबीची टेस्ट आणि छातीचा एक्स-रे परत करून अडालिमुमॅब सुरू केलं, दूधही चालू आहे. आता इंजेक्शनचा डबा फ्रीजमध्ये बर्फाला चिकटू नये म्हणून सासूबाईच मधल्या कप्प्यात ठेवतात.
मेघना, तू सेक्युकिनुमॅबवर आहेस का? त्याचा अनुभव गरोदरपणात अजून कमी आहे असं माझे डॉक्टर म्हणाले होते, तुझ्या डॉक्टरांना दिवस राहायच्या आधीच विचार.