योजनेतला एमआरआय: दाखल झाल्याशिवाय पैसे नाहीत, हा नियम बदलावा का?

माणदेशी:
१ जुलै २०२४ पासून राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र झाल्या. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. बायपास किंवा कॅन्सर असेल तर या योजनेने घरं वाचतात, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं त्याआधीच्या पायरीबद्दल आहे.

योजना दाखल रुग्णासाठी आहे. आयुष्मानच्या नियमांत दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांच्या तपासण्या धरतात, पण पुढे दाखल होऊन त्याच आजारावर उपचार झाले तरच. ओपीडीत डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय लिहिला आणि ऑपरेशनची गरज नाही असं निघालं, तर खर्च रुग्णाच्या बोकांडी. ऑपरेशन लागलं तरी प्री-ऑथला (योजनेच्या पूर्वमंजुरीला) रिपोर्ट आधी जोडावा लागतो, म्हणजे पैसे आधी घरातून. आमच्या गावात मजुरीला जाणाऱ्या एका बाईंच्या पायाला बधिरपणा येत होता. पाच-सहा हजार जमेनात म्हणून त्यांनी तीन महिने वेदनाशामक गोळ्यांवर काढले. तोवर पाऊल उचलेनासं झालं.

अंगीकृत (योजनेच्या यादीतल्या) किंवा सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञाने लेखी कारण देऊन सांगितलेला सीटी, एमआरआय योजनेने द्यायला हवा. मग रुग्ण दाखल होवो वा न होवो.

क्षकिरण:
मी जिल्ह्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट आहे आणि माझा याला विरोध आहे. साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एमआरआय करू नये, असं बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, आधीचा कॅन्सर असं काही असेल तर तातडीने करावा. तुम्ही सांगितलेल्या बाईंना तो नक्कीच लागत होता. पण माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा 'एमआरआय एलएस स्पाइन' (कंबरेचा मणका) एवढंच असतं. लक्षण नाही, तपासणीत काय आढळलं ते नाही.

शिवाय चाळिशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्याही मणक्यात गादी फुगलेली दिसते. तो शब्द रिपोर्टमध्ये वाचून लोक घाबरतात आणि नको ते ऑपरेशन करून घेतात. पोटाच्या सीटीत छातीच्या एक्स-रेच्या जवळपास शंभरपट किरणोत्सर्ग असतो, हेही रुग्णाला कुणी सांगत नाही. कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याविरोधी, कायद्याचा मसुदा २०१७ साली तयार झाला, कायदा काही झाला नाही. असं असताना ओपीडीतल्या स्कॅनला सरकारी पैसा जोडला तर कमिशन सरकारी तिजोरीतून जाईल.

खिडकी_क्रमांक_२:
मी अंगीकृत रुग्णालयात योजनेच्या टेबलावर काम करते. आजचा नियम गैरवापर थांबवतो असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. स्कॅनसाठी पैसे नाहीत म्हणून नातेवाईक विनवतात, "मॅडम, दोन दिवस ॲडमिट करून घ्या ना." केवळ तपासणीसाठी दाखल करणं योजनेत चालत नाही, म्हणून क्वेरी येते, क्लेम अडकतो आणि बोलणी आम्ही खातो. दोन दिवसांची खाट, सलाईन, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हा सगळा खर्च स्कॅनच्या वर. माणदेशींना पाठिंबा.

न्यूजर्सीकर:
इथे अमेरिकेत हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये आहे. वृद्धांच्या मेडिकेअरसाठी २०१४ साली कायदा झाला: ओपीडीत सीटी, एमआरआय लिहिण्याआधी डॉक्टरने मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन योग्य आहे का याचे निकष तपासायचे. जानेवारी २०२० मध्ये चाचणीचा टप्पा सुरू झाला, दंडाचा टप्पा पुढे ढकलत राहिले आणि १ जानेवारी २०२४ पासून सगळंच थांबवून नियम मागे घेतले. त्यातली एक गोष्ट मला तेव्हापासून खटकते. निकष पाहायचे लिहिणाऱ्या डॉक्टरने, आणि त्याने ते पाहिले नाहीत तर पैसे अडणार स्कॅन करणाऱ्याचे. माणदेशी, तुमचं 'लेखी कारण' हा असाच एक जादा कागद होईल. सगळ्यांच्या कागदावर एकच ठरलेलं वाक्य उतरेल.

माणदेशी:
मग जबाबदारी लिहिणाऱ्यावरच टाकू. त्याचा नोंदणी क्रमांक, लक्षण, तपासणीतली नोंद हे पोर्टलवर भरल्याशिवाय स्कॅनची मंजुरी नाही. दर सहा महिन्यांनी कोण किती लिहितो आणि त्यातून काय निघतं ते पाहा. डॉक्टर, तुमच्या चिठ्ठ्यांचा प्रश्नही त्यात सुटेल. सरकारी रुग्णालयात जा, असं कुणी सुचवण्याआधी सांगतो: १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सेवा मोफत झाल्या, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नाहीत. आणि आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात एमआरआयचं यंत्रच नाही.

क्षकिरण:
लिहिणाऱ्याची नोंद आणि तिचा आढावा होणार असेल तर धोक्याच्या लक्षणांपुरतं मला मान्य आहे. हातापायातली ताकद जाणं, फिट येणं, कॅन्सरचा संशय, एवढ्यांचा खर्च योजनेने जरूर द्यावा. कंबरदुखी-गुडघेदुखीला सरसकट मात्र नाही.

खिडकी_क्रमांक_२:
डॉक्टर, पण धोक्याचं लक्षण आहे की नाही हे ठरवणार कोण? आमच्याकडे हाडांचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात.