दहा दिवस सरकारचे, पुढचा पंप कुणाचा?

बल्लारशाहची_आई
लेक सात वर्षांची आहे, तिला दमा आहे. दिवाळीनंतर एका रात्री तिला एवढा दम लागला की दोन शब्दही सलग बोलता येईनात. चार दिवस आयसीयूत होती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, आमचा एक रुपया गेला नाही. सुट्टी देताना दहा दिवसांची औषधंही हातात दिली. अकराव्या दिवशी मेडिकलवर गेले, तर दमा उठू नये म्हणून रोज तोंडाने ओढायचा ब्युडेसोनाइडचा पंप तीनशेच्या वर. पंपाला जोडायचा पोकळ नळा, म्हणजे स्पेसर, वेगळा, डॉक्टरांची फी वेगळी. धाकट्याचीही छाती थंडीत वाजायला लागते, म्हणजे सगळं दुप्पट. यांची रोजंदारी आहे.

पोरगी अ‍ॅडमिट झाली तर सरकार वर्षाला ५ लाखांपर्यंत भरायला तयार, पण अ‍ॅडमिट व्हायची वेळच येऊ नये म्हणून जो पंप लागतो तो आमच्या खिशातून! माझं म्हणणं असं की दमा असलेल्या प्रत्येक मुलाला पंप आणि स्पेसर प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्याच्या महिन्याला फुकट मिळावा. टीबीच्या गोळ्या मिळतात की नाही? तसाच. पटत नसेल तर सांगा.

हिशेबी_ठाणेकर
मुलगी सावरली हे वाचून बरं वाटलं, ताई. पण मुद्दा पटला नाही. त्या पंपात २०० डोस असतात. दिवसाला दोन धरले तर १०० दिवस जातो, म्हणजे रोजचे तीन-सव्वातीन रुपये. मोबाइलचं रिचार्ज याहून महाग पडतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जे खरंच दारिद्र्यरेषेखाली आहेत त्यांना द्या ना, सरसकट कशाला?

बल्लारशाहची_आई
दादा, सकाळी दोन आणि रात्री दोन सांगितलेत. मुलं दोन. करा परत हिशेब. शिवाय दम लागला की घ्यायचा निळा पंप वेगळा. आणि मुलांची छाती भरते ती नेमकी पावसाळ्यात, जेव्हा यांना आठ-आठ दिवस काम नसतं. तुमची रोजची सव्वातीन रुपयांची सरासरी तेव्हा काय कामाची?

मेडिकलवाला
२२ वर्षं काउंटरवर उभा आहे म्हणून बोलतो. पैसा हा अर्धाच मामला. चांगली नोकरीवाली माणसंही पंप कागदात गुंडाळून मागतात. ‘सवय लागते’, ‘पोरीचं पुढे लग्न जमणार नाही’ हे रोज ऐकतो. मग नेतात काय? सालब्युटामॉलचं, म्हणजे निळ्या पंपातल्याच औषधाचं, पातळ औषध, नाहीतर गोळ्या. २ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पंपाचे वीस झटके, पण सगळं पोटातून रक्तात. पोरांचे हात थरथरतात, छाती धडधडते, तरी गोळीला कुणी घाबरत नाही. आणि रोजचा पंप ‘आता बरं आहे’ म्हणून पंधरा दिवसांत बंद. फुकट वाटाल तर तेवढेच पंप कपाटात पडतील. आधी समजावणारा माणूस बसवा.

(जाता जाता: ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने काही जुन्या औषधांच्या कमाल किमती ५० टक्के वाढवून दिल्या. त्यात सालब्युटामॉलच्या गोळ्या आणि वाफेचं औषधही होतं. गरिबाचं स्वस्त औषधही आता तेवढं स्वस्त राहिलं नाही.)

आजोबा_६८
एवढी चर्चा कशाला? मृग लागला की हैदराबादला नामपल्लीच्या मैदानावर दम्यावरचा माशाचा प्रसाद मिळतो. फुकट! आपल्याकडे कोजागिरीला खिरीतून औषध देतात, तेही फुकट. आमच्या वेळी कुठे होते पंप?

बल्लारशाहची_आई
काका, सासूबाई दोन मृगांना घेऊन गेल्या होत्या तिला. प्रसाद फुकट, पण चौघांचं तिकीट, जेवण आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी? पहिल्या वर्षी तर पोरीने जिवंत मासा तोंडात जाताच थुंकून टाकला. तेवढ्या पैशांत तीन-चार पंप आले असते.

कोळसानगरी
सगळे औषधावरच बोलताय. आमच्या गल्लीत सकाळी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर काळं होतं. त्यात रात्री दारं-खिडक्या बंद करून डासांची कॉइल! हवा अशी आणि वरून पंप फुकट, याला काय अर्थ आहे?

आ_केंद्रातला_डॉक्टर
अर्थ आहे. हवा सुधारायला वर्षं लागतील, मूल आज रात्री झोपलं पाहिजे. कॉइल मात्र आजच बंद करा, त्याला शासन निर्णय लागत नाही.

ताईंची मागणी कागदावर बरीचशी मंजूर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत (महापालिकांची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात नाहीत). राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जे ३० आजार तपासायचे असतात, त्या यादीत बाळदमा आहे. पथक शाळेत येतं, कार्डावर खूण करतं, मूल पुढे पाठवतं. पण माझ्या केंद्रात गोळ्या बारा महिने असतात आणि रोजचा पंप आला तर आला. त्यामुळे नवी योजना मागू नका, पुरवठा मागा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत लेखी द्या. लेखी असलं की आम्हालाही वर भांडता येतं.

मेडिकलवाले दादा, भीतीचं बरोबर आहे. पण ज्याच्याकडे पंपच नाही त्याला मी काय समजावू? मी स्वतः दहा मिनिटं शिकवतो आणि मूल रिकाम्या हाताने घरी जातं.

स्पेसरचं म्हणाल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडा, पंप घट्ट बसवा, फट चिकटपट्टीने बंद करा. मूल बाटलीच्या तोंडातून श्वास घेईल. केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलंय की ही बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीस तोड चालते. आधी एकदा केंद्रात आणून दाखवा मात्र.

हिशेबी_ठाणेकर
हिशेब परत केला. दोन मुलांना मिळून महिन्याला एकाहून जास्त पंप लागतो, हे मान्य. पुरवठा नीट करा, यालाही हरकत नाही. पण सरसकट फुकटला माझा विरोध कायम. मी माझ्या मुलाचा पंप विकतच घेईन, त्या जागी दुसऱ्या कुणाला मिळू दे.

बल्लारशाहची_आई
मग आपण भांडतोय कशावर, दादा? अर्ज लिहायला घेतलाय. डॉक्टर, बाटली अर्ध्या लिटरचीच लागेल ना? घरात सगळ्या एक लिटरच्या आहेत.

आ_केंद्रातला_डॉक्टर
अर्ध्या लिटरचीच. आणि भोक मोठं नको, पंप हलला की औषध बाहेर जातं.