वडिलांच्या पश्चात पीएम-किसानचा हप्ता कोणाच्या नावे मिळेल?

प्रश्न (कोथरूड, पुणे):
पुरंदर तालुक्यातील आमची सव्वादोन एकर जमीन वडिलांच्या नावावर होती. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतरही पीएम-किसान व नमो शेतकरी महासन्मान निधीचा एकेक हप्ता त्यांच्या खात्यात जमा होऊन मग पैसे येणे थांबले. मी नोकरी करतो व प्राप्तिकर भरतो. अंजिराची बाग धाकटा भाऊ पाहतो आणि आई त्याच्याकडे असते. वारसनोंद अद्याप झालेली नाही. शेत तोच कसत असल्याने मी आधी हक्कसोडपत्र करून द्यावे, असे भावाचे म्हणणे आहे. ते खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर (निवृत्त महसूल कर्मचारी, सासवड):
हप्त्यापुरते पाहिले, तर हक्कसोडपत्राची काहीही गरज नाही. ही योजना शेत कोण कसतो हे पाहत नाही, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे हे पाहते. आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन एरवी ग्राह्य धरली जात नसली, तरी खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. म्हणून आधी वारसनोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला व वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे अर्ज करा. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत हरकतीविना गेली की मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदल, प्रमाणित करतात, आणि वडिलांच्या नावाला कंस पडून त्याखाली आई व तुम्हा दोघा भावांची नावे लागतात. २०२५ च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत हेच काम गावोगावी हाती घेतले होते. तेव्हा ते का राहून गेले, हे तलाठ्याला अवश्य विचारा.

योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले. त्यामुळे तुम्ही करदाते म्हणून अपात्र असलात, तरी त्याचा आईच्या किंवा भावाच्या पात्रतेवर परिणाम होत नाही. नव्या नोंदणीसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो फेरफारानंतर काढावा. कृषी आयुक्तालय पुण्यातच असल्याने शहरातील मंडळी थेट तिथे जाऊन धडकतात. हे काम मात्र तालुक्यालाच होते.

उत्तर (इंदापूर):
वरील माहिती बरोबर आहे, परंतु नियमातील हीच बाब मला पटत नाही. आमच्या भागात कित्येक शेते वाट्याने किंवा खंडाने केली जातात. बियाणे, खते आणि रात्रपाळीच्या विजेवरचे पाणी हे सारे वाटेकरी सांभाळतो, आणि वर्षाचे केंद्राचे ६,००० व राज्याचे ६,००० रुपये शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात पडतात. वाटेकऱ्याचा करार बहुधा तोंडीच असतो, कारण कागद केला तर कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायद्याने हक्क सांगेल, अशी मालकाला धास्ती असते. आणि कागदच नसल्यामुळे कसणारा कोण, हे सरकारला कुठल्याच दप्तरात सापडत नाही. २०१९ च्या प्रारंभी दोन हेक्टरची मर्यादा तरी होती, तीही त्याच वर्षी काढून टाकण्यात आली.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वारसनोंदीचा अर्ज या आठवड्यातच करतो. वडिलांच्या निधनानंतर जमा झालेल्या रकमेचे काय करावे?

उत्तर (निवृत्त महसूल कर्मचारी, सासवड):
ती काढून खर्च करू नका. मृत्यूनंतरच्या हप्त्यांची वसुली होते. तालुका कृषी कार्यालयात मृत्यूचा दाखला देऊन लेखी कळवा, दोन्ही योजनांची रक्कम कशी परत करायची हे तिथेच विचारून भरणा करा आणि पावती जपून ठेवा. आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आताच पाहून घ्या. हप्ता अर्जात लिहिलेल्या खात्यावर येईलच असे नाही. तो आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातो, आणि ते खाते एखाद्या बचत गटासाठी उघडून विसरलेलेही असू शकते. आधारवरील नाव व सातबाऱ्यावरील नाव जुळत नसेल, तर ती दुरुस्ती अर्जापूर्वी करून घ्यावी. ई-केवायसीसाठी त्यांचे अंगठ्याचे ठसे उमटत नसतील, तर योजनेच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवूनही ती पूर्ण करता येते.