पक्ष्यांच्या फोटोत तारा, खांब, कुंपणाच्या साड्या येऊन राहिल्या, काय करायचं? (नागपूर: उमरेड रोड, अंबाझरी तलाव)

दिघोरीकर:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली पक्ष्यांचे फोटो काढून राहिलो. १५०-६०० एमएमची लेन्स आहे, कॅमेऱ्याची बॉडी क्रॉप (छोट्या) सेन्सरची. सुट्टीच्या दिवशी पहाटे उमरेड रोडनं निघतो, कधी पारडगावच्या तलावाकडे, कधी नुसतंच शेताशेतातून. पक्षी मिळतात हो, पण फ्रेममध्ये माणसाचं काही ना काही घुसतेच. मागच्या रविवारी नीलकंठ मिळाला, ऊन मस्त, पक्षी शांत बसलेला, आणि घरी येऊन पाहतो तर मागची दुसरी तार बरोबर त्याच्या डोक्यातून आरपार गेलेली, कडेला सिमेंटचा अर्धा खांब. मग तो खाली धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उतरला तर मागे कुंपणाला बांधलेल्या साड्या, एक लाल एक पोपटी, नजर सगळी तिकडेच जाते. अंबाझरीला वारकरी पक्ष्यांचे काढले तर पलीकडच्या बिल्डिंगांच्या पांढऱ्या भिंती आणि पाण्यात थर्माकोलचे तुकडे.

आता मोबाईलमधलं अ‍ॅप दोन सेकंदात तार पुसून टाकते. मी पुसली पण, घरी सगळ्यांना आवडला फोटो, पण मला स्वतःला तो फोटो पाहावासा वाटत नाही, काहीतरी चुकल्यासारखं वाटते. तर दोन प्रश्न आहेत, एक म्हणजे जागेवरच काय करता येते, आणि दुसरं म्हणजे तुम्ही पुसता का?

माळटिटवी:
भाऊ, पुसायचं नंतर पाहू, आधी पाय हलवा. हे मला समजायला चार वर्षं लागली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा पक्षी तुमच्यापासून १५ मीटरवर आहे आणि खांब ६० मीटरवर. तुम्ही अर्धा मीटर डावीकडे सरकलात तर पक्ष्याच्या मागची जागा दीड मीटरनं बदलते. ६०० एमएमला तुमच्या बॉडीवर ६० मीटरवरची फ्रेम जेमतेम सव्वादोन मीटर रुंद असते, म्हणजे एका पावलात निम्म्याहून जास्त बॅकग्राउंड नवीन. खांब गायब करायला एक पाऊल पुरते! लोक पक्षी दिसला की जागेवर खिळतात आणि शंभर फोटो काढतात, ते शंभरही त्याच खांबाचे. तसंच वर-खाली. डोक्यातून जाणारी तार गुडघ्यावर बसलं की बऱ्याचदा मानेच्या खाली किंवा डोक्याच्या वर निघून जाते, तेवढं झालं तरी फोटो वाचला. तार फ्रेममध्ये राहिली तरी चालते, फक्त डोळा, चोच आणि मान यांना शिवू नये.

तारेवरच्या पक्ष्याला लोक अगदी खालून काढतात, ते टाळा. पोट दिसते आणि मागे पांढरं आभाळ. उलट मागे या, २५-३० मीटरवर या, पक्षी लहान दिसेल पण अँगल सपाट होतो आणि जमीन साथ देत असेल तर आभाळाऐवजी मागची झाडं येतात. आणि ज्या तारेवर तो बसला आहे ती अर्धवट कापू नका, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण जाऊ द्या.

पण खरी गोष्ट नीलकंठाची सांगतो. तो तारेवर उगीच बसत नाही, खाली गवतात नाकतोडे पाहून राहिला असतो. झेप घेतो, पकडतो, आणि दर वेळी तारेवरच परत जाईल असं नाही, कधी धुऱ्यावर, कधी ढेकळावर, कधी बाभळीच्या वाळक्या फांदीवर बसतो. अर्धा तास त्याच्याकडे नुसतं पाहा, कुठं बसतो ते कळते, मग त्या जागेच्या मागं काय आहे हे बघून तुमची जागा ठरवा. मी तर कधीकधी आधी बॅकग्राउंड शोधतो, पक्षी नंतर येतो. गाडीतूनच काढा, इंजिन बंद करून, खिडकीवर हरभऱ्याची छोटी पिशवी ठेवून लेन्स टेकवा. खाली उतरलात की गेला तो.

साड्यांसाठी, शक्य तेवढं खाली बसा आणि लेन्ससमोर अगदी जवळ गवताची दोन पाती येऊ द्या. एफ ६.३ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवली की, ती पाती विरघळून नुसता हिरवा धूर होतो आणि खालचा अर्धा पसारा त्यात जातो. लांबच्या पांढऱ्या भिंती मात्र ब्लर होऊन जात नाहीत, डाग म्हणून राहतातच. अंबाझरीला त्यासाठी वेळ बदला, भिंतीवर ऊन यायच्या आधी किंवा ढग असताना जा.

धुऱ्यावरचा:
मी भिवापूरकडचा, शेती आहे आमची. फोटोग्राफर नाही, मोबाईलवर काढतो कधीमधी, पण साड्यांचं वाचून लिहून राहिलो. त्या साड्या सजावटीला नाहीत बाप्पा, रानडुकरासाठी आहेत. हरभरा, तूर रात्रीतून साफ करतात डुकरं, रोही (नीलगाय) पण घुसतात. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेतून विजेचा झटका देणारं, ज्याले जमते तो लावतो, नाही जमत तो घरच्या जुन्या साड्या बांधतो. आमच्या कुंपणाले माझ्या आईच्या आहेत, एक तर माझ्या बहिणीच्या लग्नातली.

एकदा एक जण फोटोसाठी दोन साड्या सोडून गेला, परत बांधल्या नाही. तिथूनच डुकरं आत आली त्या रात्री, आठ-दहा सऱ्या हरभऱ्याच्या गेल्या. त्याले माहीत नसन, पण विचारलं असतं तर मी सोता दुसऱ्या बाजूनं नेलं असतं, तिकडे साड्या नाहीत आणि नीलकंठ रोज सकाळी विहिरीच्या काठावर येतो. विचारत जा एवढंच म्हणणं आहे. आणि झटका मशीनच्या तारेले ट्रायपॉड लावू नका कोणी.

घारपंख:
पुसण्याबद्दल मी बोलते. दादा, तार पुसायची की नाही हा प्रश्न मला संक्रांतीनंतर दर वर्षी पडतो, कारण माझ्या फोटोत तार नसते, नायलॉन मांजा असतो. सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला जखमी पक्षी नेऊन देणाऱ्यांपैकी मी एक. मागच्या वर्षी फुटाळा तलावाजवळ एक घार झाडावर बसलेली, अप्रतिम उजेड, मी फोटो काढले, आणि मोठं करून पाहिल्यावर पंखाच्या टोकाला एक बारीक पांढरी रेष दिसली. मला आधी वाटलं पीस असेल किंवा जाळं. तो मांजा होता, पंखातून फांदीला गेलेला. ती बसली नव्हती, अडकली होती. त्या दिवशी मी ती रेष 'डिस्टर्बन्स' समजून पुसली असती तर? म्हणून माझं म्हणणं, पुसायच्या आधी प्रत्येक रेष शंभर टक्के झूम करून पाहा. मांजा दिसला तर वन विभागाच्या १९२६ हेल्पलाईनला फोन करा, स्वतः ओढू नका, पंखातून ओढला की तो अजून खोल कापतो.

आणि तारा म्हणजे पक्ष्यांसाठी नुसतं बॅकग्राउंड नाही. गोंदियाकडे सारस विजेच्या तारांना लागून मेलेत, २०२१ मध्ये सारसांच्या प्रश्नाची हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली त्यात ह्या तारांचाही विषय होता. आपण सगळ्यांनी फोटोतून तारा पुसल्या तर पुढं कोणी म्हणेल, कुठं होत्या तारा?

तलावकाठ:
मी पुसतो, लपवत नाही. घरी भिंतीवर लावायच्या प्रिंटमधला थर्माकोल पुसला तर त्यात कोणाचं नुकसान नाही असं मला वाटते. पण शेअर करताना खाली लिहितो, 'दोन तारा काढल्या आहेत'. स्पर्धेत मात्र बिलकुल नको. मोठ्या वन्यजीव स्पर्धांमध्ये फ्रेममधली वस्तू काढणं किंवा टाकणं चालत नाही, शेवटच्या फेरीत रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ फाईल) मागतात. थोडं क्रॉप, एक्सपोजर, कलर, एवढंच.

आणि २०१७ ला वाईल्डलाईफ फोटोग्राफर ऑफ द इयरच्या फायनलमध्ये एक समुद्रघोडा होता, इंडोनेशियातला, शेपटीनं प्लॅस्टिकची कान साफ करायची काडी धरलेला. ती काडी पुसली असती तर तो फोटो कोणी लक्षातही ठेवला नसता. अंबाझरीच्या थर्माकोलचा असा एक तरी फोटो मुद्दाम काढा, पक्षी आणि थर्माकोल दोन्ही फोकसमध्ये घेऊन, लेन्सचं छिद्र लहान करून, एफ ११ वगैरे. महानगरपालिकेला तक्रारीसोबत जोडता येते.

माळटिटवी:
घारपंख ताईंचं पटलं. मी आजवर रेषा झूम करून पाहिल्या नव्हत्या, जुने फोल्डर काढून पाहतो आज रात्री.

दिघोरीकर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज सकाळी परत गेलो होतो. पाऊण तास गाडीत बसून नुसतं पाहिलं, तो एकूण अकरा वेळा खाली उतरला, त्यात सात वेळा एकाच ढेकळावर बसला. मग शेतात एक काका होते त्यांना विचारून गाडी बांधाच्या पलीकडे घेतली, तिथून मागे फक्त तुरीचं शेत येते. पंख उघडून बसतानाचा एक मिळाला, मागं काही नाही, पिवळा-हिरवा रंग फक्त.

दुसरा एक मुद्दाम काढला, त्याच ठिकाणाहून थोडं उजवीकडे येऊन, नीलकंठ ढेकळावर आणि मागे लाल साडी धूसर. काकांना स्क्रीनवर दोन्ही दाखवले, त्यांना साडीवाला पाहिजे. प्रिंट काढून पुढच्या रविवारी नेऊन देतो. धुऱ्यावरचा भाऊ, तुमच्याकडच्या विहिरीवर कधी येऊ सांगा, हरभरा काढायच्या आधी जमलं तर बरं.

धुऱ्यावरचा:
या ना, कधी पण या. सहा वाजता या पण, सात नंतर मोटर चालू होते, मंग तो येत नाही.